हार्मोनियमच्या खोक्यातलं मांडूळ

जगात अशी एकही गोष्ट नव्हती जिच्याविषयी आमच्या थोरल्या साडूंना सगळं ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या हातात गेल्यावर धड राहिली अशीही एक नव्हती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. पन्नास सालानंतर पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले तेव्हा त्यांतल्या एकाच्या स्टोअरमध्ये ते लागले आणि चिंचवड गावात, नदीच्या बाजूला, भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडून बसले. मी त्याच कारखान्यात नकाशे काढायचो आणि पिंपरीला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्यामुळे त्यांच्या ज्ञानाचा पहिला फटका बहुधा मलाच बसे.

त्यांनी मधमाश्या पाळल्या होत्या. माश्या एका सकाळी सामूहिक राजीनामा देऊन निघून गेल्या. मग कलमी गुलाब आणले, त्यांना खत म्हणून असं काही घातलं की शेजारची तुळससुद्धा गेली. भाते फाटलेली एक हार्मोनियम दुरुस्तीसाठी उघडली, तिच्या पट्ट्या पुढे बरीच वर्षं ताईंच्या मिसळणाच्या डब्यात सापडत असत. यातली प्रत्येक गोष्ट बिघडली की ते तिच्यावर पुण्याच्या वर्तमानपत्राला पत्र लिहीत. मधमाश्या गेल्यावर ‘मधुमक्षिकापालन : काही अनुभव’ हे पत्र आलं होतं. अनुभव काय, तर माश्या गेल्या. पण हे वाक्य सोडून बाकी सगळं त्यात होतं. पत्र छापून आलेला प्रत्येक अंक ते पलंगाखाली रचून ठेवत, आणि पाहुण्याने चहा पिऊन कप खाली ठेवला की त्यांचा हात पलंगाखाली जाई. जाणते पाहुणे कप हातातच धरून ठेवत.

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला कारखान्यात नव्या शेडचा पाया खणताना मजुरांना सापाचं एक पिल्लू सापडलं. करंगळीएवढं जाड, तपकिरी, आणि शेपूट डोक्याइतकंच बोथट. मांडूळ होतं. मजूर फावडी टाकून हात जोडून उभे होते, कारण मांडुळाला दोन तोंडं असतात आणि ते ज्याच्या हातून मरतं त्याचं भलं होत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. साडूंना अर्थातच तसं नसतं हे माहीत होतं. “एकच तोंड आहे! दुसरी शेपटी आहे!” असं ओरडत ते खड्ड्यात उतरले आणि विज्ञानाची बाजू सिद्ध करण्यासाठी पिल्लू जेवणाच्या डब्यात घालून घरी घेऊन आले. डबा ताईंनी पुन्हा कधी स्वयंपाकघरात घेतला नाही.

घरमालकीणबाई जुन्या चिंचवडकरीण. गाव त्यांना आत्या म्हणे. त्यांनी दारातूनच हळदकुंकू टाकलं. “आवो सायेब, दुतोंड्या हाय त्यो. सा म्हैनं हिकडून चालतो, सा म्हैनं तिकडून. लई पुण्याईनं घरात येतोय.” साडूंनी त्यांना बसवून घेतलं आणि पिल्लू हातात धरून शेपटीचं शरीरशास्त्र समजावलं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “मंग आत्ता कोन्तं तोंड झोपलंय?” त्याच संध्याकाळी ‘मांडुळास एकच तोंड असते’ हे पत्र पोस्टात पडलं. ते छापूनही आलं. आत्यांना वाचता येत नव्हतं, एवढीच काय ती गैरसोय.

पिल्लाचा मुक्काम हार्मोनियमच्या रिकाम्या खोक्यात ठरला. आता खाली अंथरायचं काय? आत्या म्हणाल्या, रानातली भुसभुशीत माती घाला, मातीतच असतंय ते. पण इतकी सोपी गोष्ट साडूंच्या पचनी पडणं शक्य नव्हतं. माती म्हणजे अज्ञान, माती म्हणजे जंतू. कारखान्यात यंत्रं यायची ती परदेशी लाकडाच्या मोठमोठ्या पेट्यांतून. त्या लाकडाला राळेचा असा घमघमाट असे की स्टोअरमध्ये शिरलं की देवळात आल्यासारखं वाटे. साडूंनी त्याचा भुस्सा पोत्यात भरून आणला आणि ताईंच्या पिठाच्या चाळणीने चाळला. “सुगंधी असतं ते निर्जंतुक असतं,” ते मला म्हणाले, “साडूबुवा, हा साप नव्हे, संस्थानिक झोपतोय.” त्या आठवड्यात ताईंच्या पोळ्यांना वार्निशाचा वास होता. आम्ही त्या मुकाट्याने खाल्ल्या.

खाण्याचा प्रश्न त्याहून बिकट. मांडुळाच्या पिल्लाला उंदराची डोळे न उघडलेली पिल्लं लागतात. आत्यांच्या कणगीमागे ती हवी तेवढी होती, आणि आत्या ती आनंदाने द्यायला तयार होत्या. अडचण अशी की चातुर्मास लागला होता. ताईंच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नसे, तिथे देवांच्या डोळ्यांसमोर उंदीर गिळायचा म्हणजे काय! साडूंनी तोडगा काढला. पिल्लू कापडी पिशवीत, पिशवी सायकलच्या दांड्याला, आणि सायकल माझ्या दारात. “तुमच्याकडे अंडी चालतात,” ते उंबऱ्यात चपला काढत म्हणाले, “म्हणजे घर बाटलेलंच आहे. याचं जेवण इथेच होऊ दे.”

माझी बायको शेजारणीकडे गेली आणि पाहुणे गेल्याचा निरोप मिळेपर्यंत आली नाही. साडूंनी माझ्या बैठकीत पिल्लू काढलं, त्याच्यासमोर घास ठेवला, आणि त्याला खायला एकांत लागतो या विषयावर मोठ्याने बोलत त्याच्या नाकाशी बसून राहिले. ते खाईना, तर त्याला उचलून पोट चाचपलं. परत ठेवलं. क्वार्टरमधले चार लोक बघायला आले, त्यांच्या हातात दिलं. मग पुन्हा घास. असं ते पिल्लू दर रविवारी माझ्याकडे जेवायला येई आणि उपाशी परत जाई. मी एकदा भीत भीत म्हणालो, की मला कुणी असं वाढलं असतं तर मीही उठलो असतो. “तुमचं वेगळं,” साडू म्हणाले, “तुम्ही सस्तन.”

नागपंचमीला मी साडूंकडे गेलो होतो, तेव्हा आळीतल्या बायका दुधाच्या वाट्या घेऊन दारात आल्या. फण्याचा नाग नसला म्हणून काय झालं, दुतोंड्या तर दुतोंड्या. आत्यांनी तर न्याय म्हणून दोन वाट्या आणल्या होत्या, दोन्हीकडे ठेवायला. साडू दार अडवून उभे राहिले. साप दूध पीत नाही, दूध श्वासात जातं, फुप्फुसं भरतात आणि तो मरतो, असं त्यांनी बायकांना सांगितलं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं प्रत्येक अक्षर बरोबर होतं. बायका ओशाळून परतल्या. साडू विजयी मुद्रेने आत आले आणि खोक्याचं झाकण उघडलं. पिल्लू डोकं वर करून तोंड वासून श्वास घेत होतं. नाकाशी बुडबुडे होते. अंगाची कातडी सुरकुतली होती, आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

दुधाचा थेंबही न लागता दुधाने होणारं सगळं त्याला झालं होतं. “काल तर बरं होतं,” एवढंच साडू म्हणाले. तेव्हा ताई चुलीपासून उठल्या आणि ज्या आवाजात त्या कधीच बोलत नसत त्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही हौसेनं आणलेलं काहीतरी एकदा तरी जगू दे हो. या घरात काही जगतच नाही.”

बोलून गेल्या आणि त्यांनीच तोंडावर पदर धरला. कारण या खोल्यांत राहायला आल्याच्या वर्षी त्यांना मुलगी झाली होती आणि ती पावसाळा संपायच्या आत गेली होती. तिच्याविषयी साडू कधी बोलले नाहीत. कशावरही पत्र लिहिणाऱ्या त्या माणसाने त्यावर कुठे एक ओळ लिहिली नाही. मधमाश्या, गुलाब, हार्मोनियम हे सगळं त्यानंतरचं. मी तोवर ते विनोदासाठीच वापरत आलो होतो.

ताई डोळे पुसता पुसता शिंकल्या. पुन्हा शिंकल्या. मग खोक्याकडे बघत राहिल्या. “ही तुमची भुश्श्याची घाण,” त्या म्हणाल्या. “मला इथं चुलीपाशी शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं. ते तर त्यात तोंड खुपसून झोपतंय!” एवढं बोलून त्यांनी खोकं उचललं, अंगणात नेलं आणि संस्थानिकाचं सगळं अंथरूण उकिरड्यावर ओतलं. पिल्लाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं, मान दुसरीकडे करून, पण घट्ट. खोकं ओल्या फडक्याने पुसून उन्हात वाळवलं. मग खाली बसून त्यांनी पलंगाखालचा गठ्ठा ओढला आणि वरच्या अंकापासून फाडायला सुरुवात केली.

साडू बघत राहिले. ‘मधुमक्षिकापालन’च्या पट्ट्या झाल्या. ‘मांडुळास एकच तोंड असते’ हे तळाशी पसरलं गेलं आणि त्यावर पिल्लू ठेवलं गेलं. मग क्षीण आवाजात म्हणाले, “छपाईच्या शाईनं त्याला अपाय व्हायचा एखादा.”

“तुमचं लिखाण इतकं जहाल कधीच नव्हतं,” ताई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस खोकं सकाळी कोवळ्या उन्हाच्या कडेला आणि मग उबदार कोपऱ्यात ठेवलं जाई, वर फडकं टाकून. कुणाला दाखवायचं नाही, हात लावायचा नाही, हा ताईंचा हुकूम होता. कुणाला म्हणजे साडूंनाच. शिट्टी हळूहळू थांबली. बुडबुडे गेले. एका सकाळी पिल्लू पट्ट्यांखाली सरसर फिरताना ऐकू आलं, तेव्हा ताईंनी देव्हाऱ्यासमोर आपलं जुनं लुगडं आडवं बांधलं, देवांना दिसणार नाही याची दोनदा खात्री केली आणि म्हणाल्या, “घाला आता त्याला काय घालायचं ते. आणि बाहेर या.” साडू खरोखर बाहेर आले. आम्ही ओट्यावर बसलो. थोड्या वेळाने ताई झाकण किलकिलं करून, आत बघून बाहेर आल्या आणि “खाल्लं,” एवढंच म्हणाल्या. साडूंनी चष्मा काढून पुसला. तो काही खराब झालेला नव्हता.

थंडीच्या आधी, ते चांगलं जाड झाल्यावर, ताईंनीच सांगितलं, “जगलं ना? आता त्याच्या घरी सोडा.” आम्ही तिघं आकुर्डीच्या माळावर गेलो आणि भुसभुशीत बांधाशी त्याला सोडलं. ते मातीत डोकं खुपसून बघता बघता दिसेनासं झालं. आत्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, पण ते साडूंना सांगण्याची ती वेळ नव्हती. त्यानंतर त्यांनी काही पाळलं नाही. रविवारी मात्र ते माळाकडे फिरायला जात आणि हवा चांगली आहे म्हणत.

ते दशक सरता सरता त्या माळावरही आखणीच्या खुंट्या लागल्या. कळल्याबरोबर साडू मला घेऊन तिथे गेले. मुकादम चुन्याची रेघ मारून घेत होता. साडूंनी टोपी सारखी केली. “इथे आमचं एक राहतं,” ते म्हणाले. “मांडूळ आहे. खणताना जरा बघून.”

मुकादमाने त्यांना वरखाली न्याहाळलं. “मांडूळ म्हंजी दुतोंड्या का सादा साप? सादा असंल तर गडी काय ऐकायचं न्हाईत, घालतील फावडं. किती तोंडं हायती त्याला?”

मी साडूंकडे पाहिलं. आता शरीरशास्त्र सुरू होणार म्हणून मी बांधावर बसायला जागासुद्धा बघून ठेवली होती. साडूंनी चुन्याच्या रेघेकडे पाहिलं.

“दोन,” ते म्हणाले. “दोन तोंडं आहेत. मी स्वतः पाहिलीत.”

“मंग कोन मारतंय त्याला,” मुकादम म्हणाला आणि त्याने गड्यांना हाक मारून तसं बजावलं.

आज साडू नाहीत, ताई नाहीत, माळ तर नाहीच. तिथे उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या भिंतीजवळून जाताना कुणी बरोबर असलं तर मी ही गोष्ट सांगतो. ऐकणारे हसतात आणि हमखास विचारतात, की खरंच का हो मांडुळाला दोन तोंडं असतात? मी दोनच सांगतो.