खिळ्याला लटकलेली सुतळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांनाही नाही. सांगण्याएवढं मोठं आहे का, असंही कधी कधी वाटतं — चोरी नाही, मारामारी नाही. एक गजराचं घड्याळ, एक सुतळी आणि खजरान्यापर्यंतचा रस्ता. बस्स.

मध्यप्रदेश तेव्हा नवा होता आणि नव्या राज्याला पोलीस हवे होते. फाल्गुनात इंदूरला भरती होणार, असं कळलं. आमचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, तेवढ्या भांडवलावर वडिलांनी मला वर्दीत बघायचं ठरवून टाकलं होतं. शेजारच्या सुदामचं तसं नव्हतं. त्याचे वडील महूच्या छावणीत शिपाई होते. ते गेल्यावर तो कापड मिलमध्ये लागला. कापसाच्या धुळीने त्याला खोकला धरला होता. काहीही करून त्याला तिथून निघायचं होतं. आणि मला? मला फक्त घरात नाक वर करून फिरायचं होतं.

आम्ही रोज उजाडायच्या आत खजरान्याच्या गणपतीपर्यंत पळत जायचो आणि परत. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. सुदाम नेहमी पुढे. मी धापा टाकत पोचेपर्यंत तो हारवाल्याच्या बंद टपरीला टेकून उभा असायचा आणि हसायचा. कधी चिडवलं नाही त्याने — त्याचंच जास्त लागायचं.

मग थंडी आली. पौषातली माळव्याची थंडी ज्याने पाहिली नाही, त्याला ती सांगून समजत नाही. दुसरी पाळी करून आलेला सुदाम आपणहून उठणं शक्य नव्हतं, आणि घड्याळ फक्त आमच्या घरी. म्हणून त्यानेच युक्ती काढली. पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून तो झोपायचा आणि तिचं टोक खिडकीतून बाहेर, खिळ्याला अडकवून ठेवायचा. गजर झाला की मी उठायचं आणि दोनदा ओढायची. त्याची आई म्हणायची, "वसंता, बैल बांधून ठेवलाय तुझ्यासाठी. हाक सकाळी."

थंडीत पळायची उमेद लोक कशी टिकवतात? कुणाला वडिलांचा धाक असतो, कुणाला मित्राची सोबत. माझी उमेद कशावर टिकली, तेच सांगायला बसलोय — आणि अजून घड्याळाभोवतीच घुटमळतोय.

एका पहाटे मी सुतळीला हात घातला आणि ओढली नाही. एकच दिवस, म्हटलं. एक दिवस मला टपरीपाशी आधी पोचू दे. एकटाच पळालो. आणि गंमत म्हणजे थंडी वाजली नाही. तो रजईत आहे आणि मी रस्त्यावर — या विचारानेच अंगात ऊब भरली. परत येऊन दवाने भिजलेले बूट बंबाच्या लाकडांमागे लपवले आणि पुन्हा अंथरुणात शिरलो. उजाडल्यावर सुदाम धावत आला, तेव्हा मी जांभई देत बाहेर आलो. गजर वाजलाच नाही, म्हणालो. मीपण झोपून राहिलो.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग ती सवयच झाली. आठवड्यातून एक-दोनदा सुतळी ओढायचो, संशय नको म्हणून. बाकीच्या दिवशी त्याची झोप हीच माझी शेकोटी होती. लाज वाटली का? खरं सांगतो, तेव्हा नाही वाटली. मी पळत होतो, दम वाढत होता.

एकदा त्याने सुट्टीच्या दिवशी आमचं घड्याळ मागून नेलं. घडीसाजाला दाखवून संध्याकाळी परत आला आणि दोन्ही हातांनी ते माझ्या हातात दिलं.

"घडीसाज बोलला, घडी तर एकदम चोख आहे. थंडीने अडकत असेल भिया, अजून काय?"

अजून काय. माणसाच्या हातात पुरावा होता आणि त्याने दोष थंडीला दिला. तेव्हा बोलता आलं असतं. भरतीला अजून महिना होता, एक महिना त्याला पुरला असता. मी घड्याळाला चावी दिली आणि म्हणालो, हो, थंडीच असेल.

भरतीत पहिले बारा घेणार होते. सुदाम सुरुवातीला पुढे होता. शेवटच्या फेरीत छाती भरून आली, आणि तो चौदावा आला. मी दहावा. आकडा नीट बघा. तो माझ्या पुढे असता तर मी अकरावा आलो असतो — तरी निवडलाच गेलो असतो. त्याला मागे ठेवायची मला गरजसुद्धा नव्हती.

त्याच संध्याकाळी तो शेवेचा पुडा घेऊन घरी आला. म्हणाला, "तू पण तर झोपलाच होतास यार. तरी निघालास. दम तुझ्यातच होता."

तो मिलमध्येच राहिला. मी वर्दी घातली, बढत्या घेतल्या. माझ्या निवृत्तीच्या समारंभात सुदाम माईकसमोर उभा राहिला आणि थांबून थांबून खोकत त्याने हीच गोष्ट सगळ्यांना सांगितली. गजर न वाजणारं घड्याळ, अंगठ्याची सुतळी आणि प्रॅक्टिस बुडूनही निवडला गेलेला त्याचा मित्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तो अजून आहे, दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय.

गजर रोज वाजत होता. सुतळीही रोज खिळ्याला लटकलेली असायची, दवाने ओली. मला माहीत आहे, कारण ती बांधलेली आहे ना, हे मी रोज हात लावून बघायचो आणि मगच पळायला लागायचो.