पांढरी बाटली

डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय खरडलंय ते खुद्द डॉक्टरांनाही कधीकधी वाचता यायचं नाही, पण कंपाउंडरबाईंना यायचं. सव्वीस वर्षं त्याच दवाखान्यात काढली होती त्यांनी. गोळ्या मोजायच्या, कागदाच्या पुडीत बांधायच्या, पातळ औषध बाटलीत ओतायचं आणि बाटलीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीला कात्रीनं खाचा पाडलेल्या. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. आता असल्या पट्ट्या कुठे दिसत नाहीत, सगळं कंपनीचं बंद खोक्यात येतं. पण डॉक्टरांचा अजून आपल्या खोकल्याच्या मिश्रणावर विश्वास होता आणि बाईंचा पट्टीवर. "झाकणानं मोजा म्हटलं की लोक झाकण हरवतात," त्या म्हणायच्या. "पट्टी कुठे हरवणार?"

हात मात्र आखडता. दोन दिवसांच्या जास्त द्या हो बाई, असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "आधी या संपवा. मग बघू." जालीम औषधं त्या कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवत. वेळेला असावीत म्हणून. ती वेळ आली की नाही, हे बाई ठरवत.

घरी त्या आणि धाकटा भाऊ, दोघंच. भावाला सगळी गल्ली पेंटर म्हणायची. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दवाखान्याची पाटीसुद्धा त्याचीच. पाच वर्षांपूर्वी शिडीवर असताना त्याच्या हातून ब्रश सुटला. खाली उभ्या असलेल्या दुकानदाराच्या टकलावर निळा ठिपका पडला आणि दोघंही हसले. मग कप सुटायला लागला. मग शर्टाची बटणं लागेनात. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी ज्या आजाराचं नाव सांगितलं त्यावर औषध नव्हतं. बाईंनी तीनदा विचारलं. जन्म औषधांच्या कपाटापुढे गेलेल्या बाईला हे पचायला फार जड गेलं, की ज्याच्यासाठी मागच्या कप्प्यातसुद्धा काही नाही असाही आजार असतो.

आता पेंटर खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकवून बसवलेला असायचा. हातपाय गेलेले, मान जरा वळायची, डोळे शाबूत, बोलणं जड. सकाळी वरच्या मजल्यावरची इस्त्रीवाली वहिनी येऊन-जाऊन त्याच्याकडे बघायची. सव्वा वाजता दवाखाना बंद झाला की बाई घरी यायच्या, त्याला भरवायच्या, पुसायच्या, कूस बदलायच्या, आणि पाच वाजता परत जायच्या. मधल्या वेळात खेळ.

टीव्हीला जोडलेलं खेळाचं यंत्र पेंटरनं धडधाकट असताना घेतलं होतं. गाड्यांच्या शर्यती, गोळीबार, सगळं खेळायचा. बोटं गेली तसे ते खेळ एकेक करून गेले. उरला हा एकच, कारण हा थांबतो. आपल्या पाळीला आपण तासभर विचार केला तरी समोरचा राक्षस हलत नाही.

"ही माणसं अशी रांगेत का उभी आहेत?" बाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

"आपली पाळी येईपर्यंत थांबतात, ताई."

"म्हणजे दवाखान्यासारखं. नंबर लावून."

"हो. फक्त इथे मधे कुणी घुसत नाही."

पेंटरच्या बाजूनं चौघं लढायची. तलवारवाला, चोर, ढालवाली आणि वैदूबाई. ढालवालीच्या हाती हत्यारच नाही, ती फक्त ढाल धरणार. वैदूबाई जखमा भरायची. तिच्याकडे एक काठी होती, पण ती मारायची डास मारल्यासारखी. "ही तूच," पेंटर म्हणायचा. "देते कमी, ऐकवते जास्त."

आणि शेवटच्या फाटकात साहेब. चार माणसांइतका उंच दगडी माणूस, दगडी खुर्चीत बसलेला. अर्धी लढाई होईपर्यंत तो खुर्चीवरून उठायचाच नाही, म्हणून पेंटरनं त्याचं नाव साहेब ठेवलं होतं. बोटं चालत होती तोवर या साहेबांपुढे तो सतरा वेळा हरला होता.

अठराव्या वेळेच्या आधी डॉक्टर घरी येऊन गेले. पेंटरला जीभ बाहेर काढायला लावली, दोन-चार शब्द म्हणवून घेतले. दारात बाईंना हळू आवाजात म्हणाले, "जीभही त्याच वाटेनं निघालीय. महिना, दीड महिना. मग बोलणं समजणार नाही." आवाज हळू असला तरी घर एवढंसं. पेंटरनं ऐकलं.

डॉक्टर गेल्यावर तो म्हणाला, "ताई, साहेबाला माझ्या तोंडानं पाडायचंय. मी सांगणार, तू फक्त बटण दाबायचं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर."

"बरं. तू सांगशील तेच दाबेन."

शब्द दिला खरा, पण सव्वीस वर्षांची कंपाउंडरबाई नुसतं बटण होऊन कशी बसेल? साहेबात दहा हजारांचा जीव आहे, असं पेंटरनं कुठेतरी वाचलं होतं. पडद्यावर साहेबांचा जीव दिसायचा नाही, पण प्रत्येक वाराला किती लागलं तो आकडा चमकायचा. बाईंनी दवाखान्यातून कागद आणला, पट्टी कापली, वीस खाचा पाडल्या आणि टीव्हीच्या कडेला चिकटवली. पाचशेची एक खाच. वार झाला की आकडा जमेस धरून पेन्सिलीनं खूण. चार हारींनंतर त्यांच्या आणखी एक लक्षात आलं, की साहेब दर चौथ्या फेरीला दोन्ही हात उचलून सगळ्यांवर एकदम घाव घालतो. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला वेळापत्रक लिहिलं. पहिली फेरी वार, दुसरी वार, तिसरीत मलमपट्टी, चौथीत ढाल.

"खाली लिही, जेवणानंतर," पेंटर म्हणाला. हसताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली ती बाईंनी पुसली.

त्यानंतर साहेब खुर्चीवरून उठायला लागले. दहा खाचा, बारा खाचा. एका दुपारी सोळा झाल्या. चोर आडवा झाला होता, तलवारवाल्यात धुगधुगी उरली होती. पेंटरच्या पिशवीत एक पांढरी बाटली होती. कुठल्याशा लांबच्या गुहेत मिळालेली, पुन्हा कुठे न मिळणारी. आडव्या झालेल्याला ती पुऱ्या ताकदीनिशी उभं करायची.

"पांढरी," पेंटर म्हणाला. "चोराला."

"एवढ्यात कशाला? एकच आहे. पुढे लागेल."

"दे, ताई. उठलेल्याला त्या फेरीत मारत नाही तो. नियम आहे."

"पुढच्या फेरीला देऊ," म्हणत बाईंनी ढाल दाबली. पुढच्या फेरीला देण्याजोगं कुणी उरलंच नाही. तलवारवाला पडला, वैदूबाई पडली, मागोमाग ढालवाली. पडदा काळा झाला.

पेंटरनं काळ्या पडद्यावरून नजर बाईंकडे वळवली. मग एकेक शब्द जोडत म्हणाला, "औषध बाटलीत राहिलं. पेशंट गेला."

तो गमतीनंच म्हणाला होता. बाईंना हसू आलं नाही. आईच्या शेवटच्या दुखण्यातली दुखणं थांबवायच्या गोळ्यांची अर्धी पट्टी अजून घरच्या कपाटात होती. आणखी दुखलं तर असावी म्हणून ठेवलेली.

"मी शब्द मोडला," त्या म्हणाल्या.

"मोडलास."

"आता नाही मोडणार. देवाशप्पथ."

पण हरल्यावर खेळ सगळं पहिल्यासारखं करतो, वापरलेली बाटलीसुद्धा परत पिशवीत टाकतो. पेंटरच्या जिभेचं तसं करायला कुणी तयार नव्हतं. दोन आठवड्यांत वहिनीला त्याचं बोलणं कळेनासं झालं. ती बिचारी सगळ्यालाच "हो हो, भावजी" म्हणायची, आणि एकदा त्यानं खिडकी लाव म्हटलं तर तिनं त्याला पाणी पाजलं. मग डॉक्टरांना कळेना. बाईंना कळायचं. चिठ्ठी वाचायची सवय होती ना. एक दिवस त्यांनाही अर्धंच कळलं. त्यांनी तसं दाखवलं नाही, पण देवापुढे दिवा लावताना त्या दिवशी काय मागावं तेच सुचेना. बरं कर म्हणायची सोय नव्हती. निदान साहेबाला पाडू दे, असं मागायची लाज वाटली. मग मागितलं.

शेवटी डोळ्यांची भाषा ठरली. पाळी आली की पडद्यावर सहा ओळी यायच्या. वार, ढाल, मंत्र, औषध, थांब, पळ. बाई एकेका ओळीवर बाण न्यायच्या. हवं ते आलं की पेंटर डोळे मिटायचा. नको तेव्हा उघडेच. एकदा त्यानं मुद्दाम पळ या ओळीवर डोळे मिटले.

"पळतोस कुठे? आधी उठून दाखव," बाई म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. पण पेंटरचं अंग बिनआवाजी हसण्यानं गदगदत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. साडेतीनला लढाई सुरू झाली आणि सगळं कधी नव्हे ते जुळून आलं. चौदा खाचा. सतरा. एकोणीस. तलवारवाला पडला, चोर पडला, आणि वैदूबाईही आडवी झाली. उभी एकटी ढालवाली. पट्टीवर पेन्सिलीची खूण विसाव्या खाचेच्या काठाला टेकली होती. पाच-पन्नासांचा जीव उरला असेल नसेल. आणि फेरी चौथी.

बाईंनी बाण ढालीवर नेला. वेळापत्रक तेच सांगत होतं. पेंटरचे डोळे उघडे. औषधावर नेला. मिटले. पांढरी बाटली. मिटले. कुणाला? तलवारवाल्यावर नेला. उघडे. चोर. उघडे. वैदूबाई. मिटले.

"तिला?" बाई म्हणाल्या. "तलवारवाला पडलाय ना शेजारी. ही उठून काय करणार? डास मारणार?"

पेंटर त्यांच्याकडे बघत राहिला. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सगळ्या ओळी फिरवल्या. पुन्हा वैदूबाईवरच डोळे मिटले. साहेब जागच्या जागी डुलत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. बाईंना वाटलं, असंच राहू दे. बटण दाबूच नये. जोवर दाबत नाही तोवर कुणी मरत नाही, कुणाचं काही जात नाही. पण पेंटरच्या पापण्या थकायला लागल्या होत्या. आणखी थोड्या वेळानं मिटलेले डोळे होकाराचे की झोपेचे, तेही कळलं नसतं.

देवा, तूच बघ रे बाबा, असं मनात म्हणून त्यांनी दाबलं.

वैदूबाई उठून उभी राहिली. साहेबांनी दोन्ही हात उचलले. पडदा पांढराफटक झाला, ढालवाली कोसळली. वैदूबाई उभीच. उठलेल्याला त्या फेरीत मारत नाही तो.

आता तिची पाळी. बाण वारावर होता आणि पेंटरचे डोळे घट्ट मिटलेले. बाईंनी दाबलं. वैदूबाई तुरुतुरु पुढे गेली, साहेबांच्या गुडघ्यावर काठी आपटून परत आली. चाळीसचा आकडा चमकला. साहेब क्षणभर तसेच उभे राहिले, मग मुकाट्यानं खुर्चीत बसले, आणि खुर्चीसकट त्यांची वाळू झाली.

"अरे पडला," बाई म्हणाल्या. "पेंटर, पडला बघ."

पेंटरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईंनी आधी पदरानं त्याचे डोळे पुसले, मग आपले. पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली, मागे सनईसारखं काहीतरी वाजत होतं. तेवढ्यात पेंटरनं तोंड उघडलं. घशातून आवाज आला. दोन अक्षरं असावीत. कदाचित तीन.

"काय रे?"

पुन्हा तोच आवाज.

बाई त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसल्या. तिसऱ्यांदा आवाज आला, आधीपेक्षा बारीक. त्यांना एक अक्षर कळलं नाही.

"पाणी?" डोळे उघडे. "उशी? पाय दुखतोय? पंखा?" उघडे. "जिंकलो, असं म्हणतोस?" उघडे. "परत खेळायचंय?" उघडे. "ताई म्हणालास?" त्यावरही उघडेच.

खेळात सहाच ओळी होत्या. बाण फिरवत राहिलं की कधी ना कधी बरोबर ओळ सापडायची. इथे कुणी ओळी लिहूनच दिल्या नव्हत्या.

पाचला दहा कमी होते. दवाखान्याच्या पायरीवर आतापर्यंत तीन-चार माणसं येऊन बसली असतील. बाईंनी फोन लावला. "डॉक्टर, आज मला उशीर होईल." सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. डॉक्टरांनी घाबरून विचारलं, त्याला काही झालं का? "नाही," त्या म्हणाल्या. "तो काहीतरी म्हणाला. ते मला कळत नाहीये."

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करून मांडीवर घेतलं. वेळापत्रकाच्या खाली जागा होती. पेन्सिलीनं एकाखाली एक शब्द लिहायला घेतले, आणि प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणून त्याच्याकडे बघायला.

"रंग? ब्रश? पाटी?"

उघडे.

"आई?"

नावं सरून पडदा केव्हाच काळा झाला होता. वरून वहिनीच्या इस्त्रीचे धप् धप् आवाज येत होते. बाईंनी आणखी एक शब्द लिहिला.

"खिडकी?"

पेंटर त्यांच्याकडे बघत होता. डोळे उघडेच होते.