कपाचा कान

देवळ्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली, तेव्हा माझ्या वडिलांनी, आप्पांनी, बॅग वर चढवायच्या आधी माझा हात हातात घेतला. आदल्या दिवशीच आमची कांद्याची लागण संपली होती आणि नखांत काळी माती तशीच होती. आप्पांनी काडीपेटीतली एक काडी काढली आणि कंडक्टर ओरडेपर्यंत माझी दहाही नखं कोरून साफ केली. "आते मातीशी तुना संबंध तुटना, बेटा," ते म्हणाले. सातपूरच्या एका कंपनीत ऑफिसच्या नोकरीवर मी रुजू होणार होते.

त्याला बारा वर्षं झाली. आता दर रविवारी मी गंगापूर रोडच्या एका स्टुडिओत चक्क फी भरून मातीत हात घालते. आपल्या भावंडांच्या ग्रुपवर हे कळलं, तेव्हा गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनीही मिळून माझी टर उडवली. "शिकूनसवरून कुंभारीण झाली का?" असं दिनूभाऊनं विचारलं. झाले, दिनूभाऊ. अजून नीट जमत नाही, आणि ज्या कुंभारांना जमतं त्यांच्यापुढे मी कान पकडते.

त्यामागचं कारण तुम्हा भावंडांना ठाऊक नाही, म्हणून सांगते. आप्पांचं अंगठ्याजवळचं बोट कडबाकुट्टीत सापडलं होतं, त्याचा सांधा जाड होऊन वाकडा बसला. घरी ते स्टीलचा पेला उपरण्याच्या टोकात धरतात आणि चहा बशीत ओतून पितात. माझ्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले, तेव्हा मी कौतुकानं नवा सेट काढला. कपाच्या कानात त्यांचं बोट शिरेना. कप निसटला आणि फुटला. समोर माझ्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या. आप्पा खाली वाकून तुकडे वेचत राहिले आणि पुढची चार वर्षं माझ्या घरी आलेच नाहीत. कामासाठी नाशिकला आले तरी स्टँडवरूनच परत जायचे. मला राग आला तो त्या कपाचा. हे कप कुणाच्या बोटांच्या मापानं करतात कोण जाणे, आमच्या तर नक्कीच नाही.

म्हणून दिवाळीत आप्पा दुपारी झोपलेले असताना मी त्यांच्या बोटाला सुतळी गुंडाळून माप घेतलं. स्टुडिओत कपाला मग म्हणतात आणि कानाला हँडल. मी कानच म्हणते. सुतळीच्या मापाचा कान वळला, लावला, आणि भट्टीतून निघाला तो त्यात माझी करंगळीसुद्धा जेमतेम गेली. माती सुकताना आणि भाजताना आक्रसते, हे तिथं शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी कान मोठा केला, पण तो ओला आणि कप वाळलेला. सांध्यातच तडा गेला. तिसरा कप एका बाजूला कललाय, रंग ओघळलाय, पण त्याच्या कानात दोन बोटं सहज जातात.

तो ओढणीत गुंडाळून देवळ्याला नेला. आईनं त्यात चहा ओतला. आप्पांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्या नखांतल्या मातीकडे.

"मातीमा हात घालाले शिकाडं का तुले?"

"हो आप्पा, तुम्हीच शिकाडं."

त्यांनी कानात बोट घातलं. गेलं. फुंकून फुंकून सगळा चहा संपवला. मी कप विसळला, पुसला आणि परत पिशवीत ठेवला. "ठेव ना आठेच," आई म्हणाली. मी नाही म्हटलं. हा कप नाशिकलाच राहील, ज्याला त्यातून चहा प्यायचाय त्यानं माझ्या घरी यावं. आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.

स्टँडवर त्यांनी सवयीनं काडीपेटी काढली. मी हात मागे घेतला. "राहू द्या, आप्पा."

बारा वर्षं कुणी घर कुठलं विचारलं की मी देवळा सांगायचे. नाशिकच्या फ्लॅटला नुसती रूम म्हणायचे. आता तसं सांगत नाही. आप्पांचा कप जिथं खुंटीला अडकवलेला आहे, ते माझं घर, आणि ते माझ्या हातानं उभं राहिलंय.

गेल्या रविवारी दाराची बेल वाजली. आप्पा होते. खुर्चीत ऐसपैस बसले, कप हातात घेतला आणि माझ्या मैत्रिणींदेखत ओरडले, "बशी कोठे शे?"

बशी करायला घेतली आहे. या वेळी मोठीच धरली आहे.