पळसपापडी आणि दुसरी बशी

वाळलेल्या पळसपापडीला, म्हणजे पळसाच्या चपट्या बियांना, तसा गंध नसतोच. पण खलात ती कुटू लागलं की एक उग्र, मातकट कडवटपणा असा उसळतो, की लातूरच्या या शिकवणी वर्गातल्या खडूच्या धुरळ्यातही माझं तारुण्य शिंकत शिंकत जागं होतं!

तेव्हा मी नांदेडला संशोधक होतो. निदान स्वतःला तसं म्हणवून घेत होतो. पळसाच्या बियांनी पोटातले जंत मरतात का, हा माझा विषय. रोज सकाळी थर्मास घेऊन खाटकाच्या दुकानी जायचं आणि बकऱ्याच्या आतड्यांतले जिवंत जंत कोमट मीठपाण्यात घालून आणायचे. "आव प्रोफेसरसाब, आज का माल भोत ताजा है!" खाटीकचाचा गर्दीत पुकारत आणि गिऱ्हाइकं दोन पावलं मागं सरत. लग्नाच्या वयात अशी कीर्ती कुणाच्या वाट्याला येऊ नये!

बियांची भुकटी स्पिरिटात भिजवून काढलेला अर्क एका बशीत, नुसतं मीठपाणी दुसरीत. पहिलीतले जंत घटकाभरात निश्चल, दुसरीतले खुशाल वळवळत. काय तो विजयाचा उन्माद! भूकंपात घर गेलेली माझी आत्या निलंग्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि शेजारच्या सुमीला, पोट टम्म फुगलेल्या त्या चिमुरडीला, हीच पळसपापडी पाजत होती. 'आत्या, तुझं औषध खरं ठरलं,' असं पत्र मी तत्परतेनं धाडलं.

आणि एके दिवशी घाईत अर्काऐवजी शेजारची कोऱ्या स्पिरिटची बाटली हाती आली. जंत तितक्याच आज्ञाधारकपणे मेले! दुसऱ्या बशीतही तेवढंच स्पिरिट हवं, हा साधा विवेक मला कसा सुचला नाही? विद्वत्ता माणसाला इतकं आंधळं करते?

दुसऱ्याच दिवशी एसटीनं निलंगा गाठलं. सगळं ऐकून आत्यानं सुमीला जवळ ओढलं.

"नर्सबाई गोळी घेऊन आल्ती. म्या परत धाडली. म्हन्लं, माझा भाचा शिकलेला हाय."

"आजच दे ती गोळी, आत्या."

"आन् पळसपापडी? खोटी का?"

"तेबी अजून ठाव न्हाई."

"मग पयल्या पत्रात हेच लिवायचं न्हाई व्हय, मुडद्या?" म्हणत ती सुमीचा हात धरून दवाखान्याकडं निघाली. निघता निघता पदराच्या गाठीतली पळसपापडी माझ्या हातात कोंबली. "पुन्हा करून बघ. जे निघंल ते लिव."

पाण्यात काढलेल्या अर्कानं जंत मंदावले, मेले नाहीत. तेवढंच लिहिलं, त्या पत्राला मात्र मला आठ दिवस लागले. पुढं शिकवण्यांचा पूर आला आणि संशोधकाचा मी 'सर' झालो. चार पर्यायांतून एक अचूक उत्तर निवडायला शिकवतो. पोटापाण्याचा धंदा तो!

तरी दरवर्षी एका तासाला मी टेबलावर दोन बशा मांडतो. पहिल्या बाकावरून हमखास विचारणा होते, "सर, हे परीक्षेला येतं का?"

"येत नाही," मी म्हणतो, आणि आत्याच्या गाठीतली एक बी खलात टाकतो.