तिने केलेले तीन फोन

आमच्या ऑफिसात इंटरनेटवरचा फोन आला तो माझ्या हट्टामुळे. अक्कांना तो नको होता. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर कितीतरी दिवस मी 'आम्ही दोघींनी ठरवलं' असंच लोकांना सांगत होते.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझं सासर तंजावरकडचं मराठी, कैक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. मी साताऱ्याहून लग्न होऊन चेन्नईत आले तेव्हा अक्कांचं 'मज' नि 'तुज' ऐकून मला हसू यायचं, आणि माझं तमिळ ऐकून त्यांना. मुलं मोठी झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून हा ब्यूरो काढला. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी सांभाळायला बायका पाठवायच्या, एवढंच काम. गिंडीत एका छोट्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली लेथ मशीन चालायचं. ते सुरू झालं की फोनवर ओरडूनच बोलावं लागे. माझा आवाज चढला तो तिथेच, असं मी म्हणायचे. अक्काही त्याच खोलीत बसत होत्या. त्यांचा नाही चढला.

जुना फोन म्हणजे साधी लँडलाइन, आणि अक्कांच्या टेबलावर त्याच लाइनचा दुसरा फोन. एकदा एक निवृत्त अधिकारी ऑफिसात येऊन चार लोकांसमोर मला म्हणाले, "तुम्ही फोनवर शिकलेली नर्स देतो म्हणालात आणि पाठवली आया. खोटं बोलता." मी तसं म्हटलंच नव्हतं. पण दाखवणार काय? माझ्यापाशी होती ती फक्त एक वही, तीत तारीख आणि नाव. त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं की यापुढे बोललेला शब्द न् शब्द साठवून ठेवायचा.

"माणूस रागात बोलतं, दुःखात बोलतं," अक्का म्हणाल्या. "ते सगळं धरून ठेवून काय करणार तू?"

"पुरावा, अक्का."

"तुज कोणावर विश्वासच नाही," त्या म्हणाल्या.

फोन बसवायला आलेला माणूस पन्नाशीचा होता. चपला दाराबाहेर काढून आत आला, भिंतीवर राउटर ठोकला, जुने फोन उचलून पिशवीत घातले, नवे टेबलांवर ठेवले. नंबर जुनाच राहिला. माझ्या लॅपटॉपवर त्याने एक पान उघडून दिलं. कोणी फोन केला, कधी केला, कोणी उचलला, किती वेळ बोलणं झालं, सगळं एका ओळीत. ओळीच्या शेवटी एक छोटा त्रिकोण. तो दाबला की बोलणं ऐकू येई.

"नव्वद दिवस राहतं, मॅडम. मग आपोआप जातं. आता कोणी तुम्हाला खोटं पाडू शकणार नाही."

'हे संभाषण नोंदवलं जात आहे' ही सुरुवातीची सूचना अक्कांच्या आवाजात घेतली, कारण माझं तमिळ लोकांना परकं वाटतं. त्यांनी ती एकदाच वाचली, अगदी सपाट आवाजात, आणि उठून पाणी प्यायला गेल्या.

आमच्याकडे वीसेक बायका होत्या. बोलणं साठवलं जातं हे कळल्यावर त्या बिचकल्या, त्यांचे फोन कमी झाले. मला ते बरंच वाटलं. एकच बाई वेगळी निघाली. ती कोवलमची, मच्छीमाराच्या घरातली, चाळिशीची, दंडाने भक्कम. रोज ईस्ट कोस्ट रोडच्या बसने यायची. काही घरं 'मासे खाणारी नको' म्हणून आधीच सांगत. तशा घरी पाठवताना मी तिला गाव सांगू नकोस म्हणून बजावत असे, आणि ती हो म्हणत असे. तिने विचारलं, "अम्मा, मी बोलते तेही त्यात राहतं?"

"सगळ्यांचं राहतं."

"मग बरं झालं," ती म्हणाली.

तिला मी अड्यारमधल्या एका घरी लावलं होतं. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई, पडून खुब्याचं हाड मोडलेलं, उठणं बंद. मुलगा-सून दोघं नोकरीवर. सकाळी आठ ते रात्री आठ आमची बाई, रात्री घरचे. ब्यूरोचा नियम असा की पेशंटच्या तब्येतीबद्दल बायकांनी घरच्यांशी परस्पर बोलायचं नाही. ऑफिसला कळवायचं, ऑफिस घरच्यांना कळवेल. नियम मीच केला होता. बायका काहीबाही सांगून घरच्यांना घाबरवतात, असा माझा अनुभव होता.

एका सकाळी सूनबाई ऑफिसात आल्या. बसल्याही नाहीत. मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत म्हातारीची कंबर होती, माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम, मधोमध काळी पडलेली.

"डॉक्टर म्हणाले, ही एका दिवसाची नाही. तुमची बाई काय करत होती? हॉस्पिटलात हलवलंय सासूबाईंना."

मी तिला बोलावून घेतलं. ती हॉस्पिटलातूनच आली, अंगावर ब्यूरोची निळी साडी, गळ्यात आमचं ओळखपत्र. सूनबाईंकडे न बघता माझ्यासमोर उभी राहिली.

"हे झालं तेव्हा तू कुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्हाला, अम्मा. तीनदा फोन केला."

"मला? कधी?"

खरं सांगते, त्या घडीला मला काही आठवत नव्हतं. दिवसाला तीस-चाळीस फोन यायचे. एकीची बस चुकली, दुसरीच्या घरचे जेवायला देत नाहीत, तिसरीला गावी जायचंय.

"खोटं बोलू नकोस," मी म्हणाले.

तिचा आवाज जराही वर गेला नाही. "त्या फोनमध्ये राहतं म्हणाला होतात ना? लावा. ऐका."

सूनबाई माझ्याकडे वळल्या. "असेल तर लावा की."

लॅपटॉप समोर उघडा होता. तिचा नंबर शोधून त्रिकोण दाबायला दोन मिनिटंही लागली नसती. मला काही आठवलं असं नाही. पण ती इतकी ठाम उभी होती की आपण हे सगळ्यांसमोर ऐकू नये, एवढं मला कळलं.

"ते असं लगेच निघत नाही," मी म्हणाले. "कंपनीचा माणूस यावा लागतो."

अक्का आपल्या टेबलाशी बसून होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आधी तू यांची माफी माग," मी तिला म्हणाले. "बाकीचं नंतर बघू."

मग गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, "साडी धुऊन पाठवते." आणि जिना उतरून गेली. सूनबाईंना मी सांगितलं की तिला कामावरून काढलं आहे, उद्यापासून दुसरी अनुभवी बाई हॉस्पिटलात येईल. त्या शांत झाल्या. रात्रीचे बारा तास म्हातारी त्यांच्याच घरात असायची, तेव्हा तिची कूस कोण बदलत होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. गिऱ्हाईक होतं.

दुपारी खालचं लेथ जेवणासाठी थांबलं तेव्हा मी कानाला हेडसेट लावला.

पहिला फोन दोन आठवड्यांपूर्वीचा होता. "अम्मा, आजींच्या कंबरेवर लाल झालंय. एकटीने वळवता येत नाही, वजन फार आहे. हवेची गादी आणायला सांगाल का?" मागे लेथ घरघरत होतं आणि त्यावरून माझा आवाज, "हो, हो, बघते. पावडर लाव."

दुसरा तीन दिवसांनी. "अम्मा, सांगितलंत का त्यांना? आता कातडी मऊ पडलीय." मी म्हणाले होते, "सांगते म्हटलं ना? एकच गोष्ट किती वेळा?"

तिसऱ्यात ती घाईने बोलत होती. "कातडी निघाली, अम्मा. आजी रडतायत. मीच सूनबाईंना सांगू का?"

"अजिबात नाही. नियम माहीत आहे ना? काम जड वाटलं की तुम्हा लोकांना कारणं सुचतात." मग थोडी खरखर. मी फोनवर हात ठेवला असणार, पण तो नीट बसला नव्हता. पुढचं मराठीत होतं, अक्कांना उद्देशून. "मासे विकायचे सोडून आली, आता डॉक्टरीण झालीय." आणि मी हसले होते. अक्कांचा आवाज नव्हता. पलीकडून ती म्हणत होती, "अम्मा? अम्मा, आहात ना?" आणि मी फोन ठेवला होता.

मी हेडसेट काढला. अक्का डबा उघडून बसल्या होत्या, पण जेवत नव्हत्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"मी इथेच होते ना. मज सगळं ऐकू आलं होतं."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू. मी म्हणाले, तुम्ही नेहमीच अशा, हात झटकून मोकळ्या, वाईटपणा सगळा माझ्या माथी. ब्यूरो मी चालवते, तुम्ही नुसत्या बसता. त्यांनी ऐकून घेतलं. डबा बंद केला. "म्हण," म्हणाल्या, "मज म्हण. पण तिला परत बोलाव." मी बोलावलं नाही. आता बोलावणं म्हणजे सूनबाईंपुढे कबूल करणं, आणि अड्यारच्या त्या इमारतीत आमची आणखी तीन घरं होती.

ते फोन मी पुसले नाहीत. मालकाला पुसता येतात, तसं बटण होतं. मी फक्त दिवस जाऊ दिले. असं केलं की आपण काही केलं नाही असं वाटत राहतं.

साडी आठवड्याभराने दुसऱ्या एका बाईच्या हाती आली, धुतलेली, इस्त्री केलेली. त्याच बाईकडून कळलं की तिला दुसऱ्या ब्यूरोने घेतलं नाही. आधी कुठे होतीस म्हणून विचारलं, आणि कुणीतरी सगळं सांगितलं. तेव्हा मी एका रविवारी तिरुवान्मियूरहून बस धरून कोवलमला गेले. बरोबर ब्यूरोच्या कागदावर लिहिलेला दाखला होता. प्रामाणिक, मेहनती, सेवाभावी, असं सगळं.

ती किनाऱ्याजवळ रस्त्याच्या कडेला मासळी घेऊन बसली होती. मला पाहून उठली नाही.

"ऐकलंत?" तिने विचारलं.

"ऐकलं."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मग त्यांना सांगितलंत?"

मी दाखला पुढे केला. तिचे हात ओले होते, तिने तो घेतला नाही. "हे घेऊन मी काय करू? त्या आजी मला मुलीसारखी हाक मारायच्या. त्यांना वाटतंय मी बघितलंच नाही. त्या घरी सांगा, मी सांगितलं होतं म्हणून. बाकी काही नको मला."

"सांगते," मी म्हणाले.

"फोनवरही असंच म्हणालात," ती म्हणाली. एवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तिने मला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

परत येताना मी बसमध्ये ठरवलं, उद्याच फोन करायचा. उद्या झाला नाही. मग सूनबाई नोकरीच्या गडबडीत असतील, मग त्यांच्याकडे पाहुणे असतील, असं मीच परस्पर ठरवत गेले. रोज ऑफिसात आल्यावर ते पान उघडून बघायचे. तिच्या तीन ओळी खाली खाली सरकत होत्या. एक दिवस पहिली दिसेना. काही दिवसांनी तिसरीही.

त्यानंतर मी अड्यारला फोन केला. पुरावा गेल्यावर. धीर आला तो तेव्हाच, हे मला तेव्हाही कळत होतं.

"ती आधीची बाई," मी म्हणाले, "तिने आम्हाला वेळेवर कळवलं होतं. चूक ऑफिसची होती. माझी."

सूनबाई म्हणाल्या, "मॅडम, सासूबाई गेल्या. महिना झाला. आता कोणाची चूक नि काय. तुमची दुसरी बाई फार चांगली होती. माझ्या आईलाही लागेल पुढेमागे, तेव्हा तीच द्या."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं. ऐकणारी म्हातारी गेली होती, सूनबाईंना काही पडलं नव्हतं, आणि मी सांगून मोकळी झाले होते. चहा मागवावासा वाटला, इतकं हलकं.

अक्कांना सांगितलं. त्या तेव्हा गुडघ्यांचं निमित्त करून ऑफिसला येणं जवळजवळ बंद करत आल्या होत्या. त्या दिवशी आपलं सामान आवरायला आल्या होत्या.

"नि तिला?" त्यांनी विचारलं. "आजी गेल्याचं तिला कोण सांगणार?"

अक्कांनी टेबलाच्या खणातला चष्मा, जपमाळ, डोकेदुखीचा बाम पिशवीत भरला आणि खाली रिक्षा थांबली आहे का ते खिडकीतून पाहिलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. कोवलमला मी पुन्हा गेलेले नाही. तिला ते कळलं असेलच, बायका एकमेकींना सांगतातच, असं मी धरून चालले आहे.