तीन वेळा परतवलेला अर्ज

कुवेतमधल्या फिंतासच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्याखालच्या कपाटाचं दार महिनाभर एका बिजागरीवर लोंबत होतं. शेवटी एका शनिवारी सकाळी इमारतीची देखभाल बघणाऱ्या कंपनीने सुतार पाठवला. पन्नाशी उलटलेला, सावंतवाडीकडचा. मी मराठीत बोलल्यावर गडी खुलला, ‘ताईनू, ताईनू’ करत चहा घेतला, आणि मग एकदम गप्प होऊन ठाकठूक करत बसला. मला गप्प माणूस सहन होत नाही. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, गणपतीला जाणार ना गावाला?

“नाय,” तो म्हणाला. “औंदा माजी पाळी आसा. पण कंपनीन नाय म्हटल्यान.”

पाळी म्हणजे काय ते त्याने हातातलं काम न थांबवता सांगितलं. भाऊ चार, घरचा गणपती एक. दर वर्षी पूजेला बसायचा मान एकाचा. म्हणजे याचा नंबर चार वर्षांनी. मागच्या दोन्ही पाळ्या कुवेतच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये हुकल्या, धाकट्याने याच्या नावाने पूजा केली. आता गावात गेलं की लोक पाहुण्याला विचारावं तसं ‘कधी आलात, किती दिवस आहात’ एवढंच विचारतात, म्हणाला. ही तिसरी पाळीही गेली तर पुढची छप्पन्नाव्या वर्षी. तोवर कोणी बघितलंय?

मी विचारलं, नाही कोण म्हणालं? साहेबाकडे गेला होता का? तर नाही. अर्ज मोबाईलवर करायचा असतो. त्याने सलग तीन दिवस केला, आणि तिन्ही वेळा तांबड्या अक्षरांत परत आला. मोठ्या माणसांनी तीनदा नाही म्हटल्यावर चौथ्यांदा कशाला तोंड वेंगाडायचं, म्हणून तो गप्प बसला.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. कारण तो फॉर्म माझा होता. शर्कमधल्या ज्या ऑफिसात मी कोड लिहिते, तिथे याच कंपनीच्या रजेच्या अर्जांचं काम मी केलं होतं. रजा मंजूर झाल्याशिवाय इथे देशाबाहेर जायचा परवाना निघत नाही, तेव्हा तो फॉर्म म्हणजे या माणसांचं घरी जायचं दार.

आणि त्या दाराचा मला केवढा अभिमान! मोबाईलवरून येणारी विनंती म्हणजे नुसता मजकुराचा गठ्ठा असतो. त्यातून कामगार क्रमांक, तारीख, रजेचे दिवस वेगळे काढून माझ्या हातात द्यायचं काम आमचं फ्रेमवर्क करतं. मी फक्त आधी सांगून ठेवायचं, की इथे पूर्णांक हवा, इथे तारीख हवी. जुळलं तर माझा कोड चालतो. नाही जुळलं तर विनंती उंबऱ्यावरूनच परत, माझा कोड तिचं तोंडसुद्धा बघत नाही. आधीच्या नोकरीत कुणा शहाण्याने दिवसांच्या रकान्यात ‘फिफ्टीन’ असं अक्षरांत लिहून अख्खा रिपोर्ट झोपवला होता, तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता. माझ्या दारातून कचरा आत येणार नाही, असं मी मीटिंगमध्ये छाती काढून सांगायची.

मी त्याला म्हटलं, दादा, मोबाईल दाखवा बघू. काय भरलं होतं ते तसंच परत भरा, फक्त पाठवू नका. त्याने खिशातून फोन काढला, चष्मा लावला, क्रमांक आणि तारीख यादीतून निवडली आणि अंगठ्याने सावकाश टाइप केलं. दिवस: १५.

मराठी कीबोर्ड, मराठी आकडे. घरी बायकोला रोज ज्या कीबोर्डवर लिहितो, त्याच्यावरच त्याने अर्ज लिहिला होता. का नाही लिहिणार? फॉर्मला मराठी भाषा मीच दिली होती, आपल्या कोकणातली माणसं आहेत म्हणून, कुणी न सांगता, हौसेने. आणि दारावर जो राखणदार मी बसवला होता, त्याला पूर्णांक म्हणजे इंग्रजी आकडे एवढंच ठाऊक होतं. १५ बघून त्याने सांगितलं, हा आकडाच नव्हे. त्यावर तांबड्या अक्षरांत मीच लिहिलेलं वाक्य झळकलं: अर्ज स्वीकारला नाही. कारण काय, चूक कुठे, एक अक्षर नाही.

माझी लेक टेबलावर अभ्यास करत होती. तिला मराठी समजतं सगळं, उत्तर येतं इंग्रजीत. मान वर न करता ती म्हणाली, “नोबडी सेड नो, ममा. युअर फॉर्म डिड.”

लाज वाटली. अगदी मान खाली घालावी अशी. त्याला सांगितलं की तुम्हाला कंपनीने नाही म्हटलेलंच नाही, कुणी तुमचा अर्ज वाचलेलासुद्धा नाही, चूक माझी आहे. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की ही बाई आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगते आहे. मग हळूच म्हणाला की आता उपयोग काय, एका वेळी तीनच सुतारांना सोडतात, आणि तिघांची नावं कधीच लागली. अर्ज घेणंही बंद झालं होतं. नवी बिजागरी आणायला लागणार होती, तेव्हा दार भिंतीला टेकवून तो निघून गेला.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात पोचल्या पोचल्या नोंदी उघडल्या. परतवलेल्या प्रत्येक विनंतीची वेळ आणि कामगार क्रमांक तिथे असतो. अर्ज सुरू झाले त्या सकाळी, सात वाजून काही मिनिटांनी, सगळ्या सुतारांच्या आधी, याचा क्रमांक. पुढे लिहिलेलं: दिवस, पूर्णांक अपेक्षित. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. या ओळी मी तेव्हा पाहिल्या होत्या आणि म्हणाले होते की लोकांना साधा फॉर्म भरता येत नाही.

दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. नुसता पूर्णांक न मागता मी माझा स्वतःचा एक प्रकार केला, जो आधी आकडे ओळखतो आणि मग मोजतो. अरबी आकड्यांसाठी हे मी पहिल्याच आठवड्यात केलं होतं, हे आठवलं आणि अजूनच अंगावर आलं. कंपनीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, मिसरी, इजिप्तचा माणूस. त्याचे अरबी आकडे परत गेले तेव्हा त्याने फोनवर असा काही आवाज चढवला होता, की चार तासांत मी सगळं बदललं. सुताराला आवाज चढवता येत नव्हता, एवढाच काय तो फरक.

आमचा टीमलीड म्हणाला, गुपचूप दुरुस्त कर, क्लायंटला कशाला सांगतेस, वापरणाऱ्याची चूक म्हणून सोडून दे. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. पण गप्प राहिले तर दार दुरुस्त झालं असतं आणि माणूस बाहेरच राहिला असता. मी नोंदींचा कागद छापला आणि टॅक्सी करून हवल्लीला मुदीरच्या ऑफिसात गेले.

त्याने कागद दोनदा वाचला. मी कारणं न देता सांगितलं, हा सगळ्यांच्या आधी आला होता, आम्ही त्याला परत पाठवलं. मला वाटलं, आता पुन्हा आवाज चढणार. त्याने चष्मा काढला आणि विचारलं, “म्हणजे माझ्यासारखंच झालं की याचं?”

मी हो म्हटलं. त्याने फोरमनला फोन लावला, बराच वेळ अरबीत घासाघीस झाली, आणि चौथ्या सुताराशिवाय ते पंधरा दिवस निभतील असं ठरलं. पण अर्ज तुमच्या त्याच फॉर्ममधून आला पाहिजे, मुदीर म्हणाला, तो मी उद्यापर्यंत उघडा ठेवतो.

संध्याकाळी सुतार बिजागरी घेऊन आला. मी त्याला अर्ज पुन्हा भरायला सांगितलं. त्याने फोन माझ्यापुढे धरला, तुम्हीच भरा म्हणून. मी हात मागे घेतले. म्हटलं, तुम्हीच भरा, तुमच्याच आकड्यांत.

त्याने चष्मा लावला. क्रमांक, तारीख, मग १ आणि ५. पाठवलं. मी त्याच्यापेक्षा जास्त घाबरले होते. हिरव्या अक्षरांत आलं: तुमचा अर्ज पोचला. त्याने ते दोनदा वाचलं. पाच मिनिटांत फोन पुन्हा वाजला: रजा मंजूर, दिवस १५.

त्याने फोन खिशात ठेवला. दार बसवलं, दोनदा उघडझाप करून बघितलं, हत्यारं पिशवीत भरली. मग तिथेच ओट्याला टेकून त्याने गावाला फोन लावला. गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची लाकडी चौकट टांगतात, तिला ते माटवी म्हणतात, आणि हा इथे असल्यामुळे ती दर वर्षी शेजारच्या सुताराकडून करून घ्यायची वेळ त्याच्या घरावर येत होती.

“माटवी कोणाक सांगा नको,” तो म्हणाला. “मी येतंय.”