डिझेलच्या गाडीतला चोर

चहा ओता आधी, म्हणजे कबूल करायला धीर येईल. मूर्खपणा सगळेच करतात हो! पण आकडे मांडून, शास्त्रशुद्ध मूर्खपणा करणारा अख्ख्या मावळात मी एकटाच.

तुंगार्लीतले बंगले आणि पवनानगरचे कॅम्प, यांच्या चादरी धुऊन पोचवायचा आमचा धंदा. गाड्या दोन. डिझेलच्या गाडीवर बेडशाचे शांताराम भाऊ, बारा वर्षांपासून. सीएनजीची मी स्वतः चालवतो.

कंपनीच्या कागदावर डिझेलचं मायलेज लिटरला वीस. ते बहुधा गाडी घाटातून खाली ढकलून मोजतात! आमच्या चढांवर भाऊ सोळा काढायचे, मी खूश होतो. आणि एका महिन्यात सोळाचे झाले बारा. माझी सीएनजी मात्र होती तिथंच.

झालं! माझ्यातला गुप्तहेर जागा झाला. इंजिन कधी एवढं पितं का? माणूस विकतोय!

टाकीला कुलूप लावलं. तरी बारा. मग गाड्यांची अदलाबदल केली. भाऊंच्या हातात सीएनजीचं मायलेज चक्क वाढलं! शहाण्यानं यातून काय समजावं? आणि मी काय समजलो? की गॅस कॅनमध्ये भरून विकता येत नाही ना, म्हणून वाढलं! अन् डिझेलनं माझ्या हातात किती दिलं? अकरा! म्हणजे जाता जाता यांनी इंजिनातही काहीतरी करून ठेवलंय. अकलेचे तारे तोडावेत तर असे.

शेवटी भर पंपावर, चार लोकांत विचारलं, "भाऊ, डिझेल कुणाला विकता?"

भाऊंनी किल्ली बॉनेटवर ठेवली. "बारा वर्सं झाली, शेट. आसं कुनी इचारलं न्हवतं." टोपी सारखी केली आणि चालत एसटीच्या थांब्यावर गेले.

मी विजयी वीर! पण शनिवारी तीन कॅम्प भरलेले. चादरी वेळेत आल्या नाहीत तर दुसरा माणूस बघतो, असं कॅम्पवाल्यांनी बजावलेलं. गाड्या दोन, ड्रायव्हर एक, तोही मी. आणि खरं सांगू? भाऊंशिवाय सकाळी करमेना.

तरी ताठा बघा. भाऊंनी इंजिनात काय केलंय ते शोधायला गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं तासभर तपासलं, हात पुसले.

"इंजिन टकाटक हाय, शेट." मग वर बघून म्हणाला, "पन ह्ये टपावर कोन?"

हां, तेवढं सांगायचं राहिलंच. त्याच महिन्यात माझी पन्नाशी झाली होती. मित्रांच्या आग्रहाखातर, म्हणजे माझ्याच, डिझेल गाडीच्या टपावर लोखंडी फ्रेममध्ये चार फूट उंच फलक समोर तोंड करून उभा केला होता. त्यावर गॉगल लावलेला मी, खाली 'भावी सरपंच'.

"मीच," मी म्हणालो.

"मंग ह्योच पितोय डिझेल! हायवेचा समदा वारा थोबाडावर घेत चाललाय की!"

फलक तिथंच उतरवला आणि तडक बेडशाला गेलो. भाऊ ओट्यावर बसले होते. मी हात जोडले. "चुकलो, भाऊ. त्या फलकामुळं..."

"ठावं हाय. पयल्याच दिशी कळलंतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं, फोटो कसा दिसतोय. मी म्हनलं, झ्याक. मायलेजचं कुटं इचारलं?"

भाऊंच्या घरच्या मावशींनी आतून चहा आणला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "उद्यापासून येताय ना? आता परत सोळा पडेल."

"यीन की. पन डिझेलची गाडी मीच चालवनार."

"का हो?"

"सोळाचं बारा तुमच्या फोटूनं केलं, शेट. बाराचं अकरा तुमी सवता केलं."